आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगलीत ओळखीचं माणूस भेटलं की तब्येतीची चौकशी नंतर. आधी प्रश्न, "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. हे झालं सरकारी कोष्टक. गावाचं कोष्टक याहून बारीक. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडकडच्या लोकांना इशाऱ्याची वाट बघून चालत नाही, त्यांची बोचकी त्याआधीच बांधून होतात. मग मारुती चौक, टिळक चौक, मग कुणाची पहिली पायरी, कुणाची तिसरी. कोयनेतून किती सोडलंय, ते इथवर पोचायला किती वेळ लागेल, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची काय खबर, यावर दुधाच्या रांगेत जी चर्चा होते ती ऐकून एखादा इंजिनिअर वही काढेल.

२००५ ला पातळी ५३ फुटांच्या वर गेली, २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्याही वर. २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडली. आमचं घर गावभागात. २००५ चं पाणी ओसरीच्या पायरीशी थांबलं होतं, २०१९ चं स्वयंपाकाच्या ओट्यावर चढलं.

धोक्याचा हिशेब असा तोंडपाठ असलेल्या गावात घराचा विमा मात्र दिवा घेऊन शोधावा लागतो. गाडीचा विमा सगळ्यांचा आहे, कारण पोलीस विचारतात. आयुर्विमा आहे, कारण कुणाचा तरी मेहुणा एजंट असतो. कोविडनंतर मेडिक्लेमही बऱ्याच जणांनी काढला. घराचा विषय निघाला की मात्र, "आमचं घर काय जळतंय व्हय?" नाहीतर, "पाणी आलं तर बघू की." आणि सगळ्यात वरचं, "सरकार देतंय की." दिलं ना. २०१९ ला पाण्यात गेलेल्या घरांना पंचनाम्यानंतर सानुग्रह अनुदान मिळालं, शहरात १५ हजार, ग्रामीण भागात १० हजार. नको म्हणण्यासारखी रक्कम नव्हती. आमच्याकडे ती गाळ काढणाऱ्या माणसांची मजुरी आणि वायरिंग यांत संपली. फ्रीज, गाद्या, पिठाची गिरणी, नवऱ्याच्या दुकानाच्या वह्या, कपाटांचा फुगलेला प्लायवूड हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं.

तरी मला या लोकांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. विमा नाही म्हणजे काळजी नाही, असं नव्हतंच कधी. पाणी वाढायला लागलं की धान्य पोटमाळ्यावर, गॅसच्या टाक्या दोरीनं खिडकीच्या गजाला बांधून (नाहीतर त्या तरंगत गल्लीबाहेर जातात), म्हातारी माणसं विश्रामबागेत किंवा मिरजेत पाव्हण्यांकडे. कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही, सगळं ठरलेलं असतं. यातलं निम्म्याहून जास्त काम घरातल्या बायका करतात आणि त्याची नोंद कुठंच नसते. विम्याचं सगळं उलटं. तिथं जे लिहिलेलं आहे तेच आहे. आमच्या घरातली सुरक्षितता तोंडी आणि विमा लेखी, या दोघांची गाठ घालून देण्यात माझं अलीकडचं बरंचसं डोकं गेलं.

नणंदेचा मुलगा विमा कंपनीत लागला, त्यानं फॉर्म आणून टेबलावर ठेवला. 'भारत गृह रक्षा'. ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आली. विमा नियामक प्राधिकरणानं मसुदा ठरवून दिला आणि आगीचा विमा विकणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती ठेवायला लावली, त्यामुळे कुठल्याही कंपनीकडे गेलं तरी गाभा तोच. आग, वीज कोसळणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणं, दंगल, टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान, वाहन येऊन आदळणं, सगळं एकाच पॉलिसीत. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडे राहायचं भाडंही मिळतं. चोरीचं मात्र नीट वाचावं लागतं. एरवीची घरफोडी यात नाही. पण पूर किंवा आग अशी घटना झाली आणि त्यामुळे सात दिवसांत चोरी झाली, तर ती धरली जाते. सांगलीकराला हे कलम समजावून सांगावं लागत नाही. घरं रिकामी, गल्ल्या अंधाऱ्या आणि रात्री होडीतून फिरणारे सगळेच काही मदतीला आलेले नसतात, हे त्यानं बघितलंय.

घराची किंमत काढताना पहिला खटका उडतो. जागेचा विमा होत नाही, बांधकामाचा होतो. चटई क्षेत्र ९०० चौरस फूट आणि आज बांधायला फुटाला २००० रुपये धरले तर १८ लाख. नवरा म्हणाला, "अरे, बाजारात घर ऐंशी लाखाला जाईल." भाचा म्हणाला, "मामा, बाकीचे पैसे जमिनीचे. जमीन कुठं वाहून जातीय?" (नदीकाठी मळईची जमीन असलेल्या शेतकऱ्यासमोर त्यानं हे वाक्य म्हणून दाखवावं.) या १८ लाखांवर २० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत, घरातलं सामान यादी न देता आपोआप धरलं जातं. त्याची वरची मर्यादा १० लाख. त्याहून जास्त हवं असेल तर यादी द्यायची.

या पॉलिसीत मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट जाहिरातीत कुठं ठळक दिसत नाही. पूर्वीच्या आगीच्या पॉलिसीत घर २० लाखांचं आणि विमा १० लाखांचा असेल, तर ४ लाखांचं नुकसान झाल्यावर कंपनी २ लाखच द्यायची. तुम्ही निम्म्याच घराचा विमा काढलात, तर निम्मंच नुकसान आमचं, असा हिशेब. दोन पैसे वाचवायला कमी रक्कम लिहिणारा माणूस ऐन वेळी असा कात्रीत सापडायचा. गृह रक्षात ही कपात काढून टाकली आहे. शिवाय एकाहून जास्त वर्षांची पॉलिसी घेतली तर विम्याची रक्कम दर वर्षी आपसूक १० टक्क्यांनी वाढते, सिमेंट-सळईच्या भावामागे धावावं लागत नाही. हप्ता म्हणाल तर आमच्या घरात सगळ्यांच्या मोबाइलचं वर्षाचं रिचार्ज त्याहून महाग पडतं.

सामानात काय येत नाही, तेही तिथंच लिहिलेलं असतं. रोकड नाही, कागदपत्रं नाहीत, गाड्या नाहीत. दागिने आणि चांदी वेगळी कलमं घालून, किंमत ठरवून घ्यावी लागतात. आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, मी हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "सोनं लॉकरात आहे, त्याला काय होतंय?" होतंय. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसानं केलेली लबाडी यांत लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं २००० असेल तर २ लाख. आणि पूर, भूकंप, वीज असं अस्मानी काही झालं आणि बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर जबाबदारीच नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी शिरली तेव्हा दुकानांबरोबर बँकाही पाण्यात होत्या. सोनं पाण्यानं विरघळत नाही हे खरं. पण लॉकरात बायका नुसतं सोनं ठेवत नाहीत, खरेदीखत ठेवतात, मृत्युपत्र ठेवतात. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणून तर मी पाण्याच्या दिवसांत कसा कमरेला बांधते." त्यांचा कसा, म्हणजे कमरेची पिशवी, मी बघितलेला आहे. मांजरपाटाचा, आतून मेणकापडाचा, दोन नाड्यांचा.

मग यादीला बसलो. भाचा सांगत होता, बिलं असतील तर काढून ठेवा. बिलं कुठली? २०१९ ला फ्रीज बुडाला, त्याच पाण्यात त्याच्या बिलाचं कपाटही बुडालं. टीव्हीचं दुकानदाराकडे सापडलं असतं, पण त्याचंही दुकान हरभट रोडला, त्याचाही लगदाच झालेला. आईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि फडताळातली भांडी एकेक करून उलटी करायला लावली.

आमच्या पिढीनं भांड्यांवर नावं घालणं सोडलं. भांड्याच्या दुकानात त्या मशीनची टरर्र ऐकूनही वर्षं झाली. पण आईंच्या काळातलं एकही भांडं बिननावाचं नाही. पितळेच्या घागरीच्या काठावर त्यांच्या माहेरचं आडनाव, ठोकून काढलेल्या टिंबांचं. स्टीलच्या डब्यावर 'चि. सौ. कां. कुसुम हिस आत्याकडून' आणि खाली १२-५-७४. पुरणयंत्रावर भिशीच्या मंडळाचं नाव. परातीवर आजेसासऱ्यांचं, कारण ती वाटणीत आली. एका पातेल्यावर अनोळखी आडनाव दिसलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते आपलं नाही, दोन हजार पाचच्या पुरात आलं. मालक कधी आलाच नाही." आणि आमचा पाण्याचा पिंप २०१९ ला तीन गल्ल्या पलीकडे चिखलात रुतलेला सापडला, तो नाव वाचून एका पोरानं सायकलवर घालून आणून दिला. कुणी दिलं, कधी दिलं, कुठल्या निमित्तानं, सगळं भांड्यावरच. विमा कंपनीला मालकीचा पुरावा लागतो ना? एवढा पक्का पुरावा माझ्या पन्नास हजारांच्या वॉशिंग मशीनचाही नाही.

भांड्यांचं झालं, बाकीच्या खोल्यांचं काय? तर दर वर्षी मे महिन्यात एकदा मोबाइल घेऊन घरभर फिरायचं, कपाटं उघडायची, प्रत्येक यंत्रामागचा नंबर दिसेल असा व्हिडिओ काढायचा आणि तो पुण्याला लेकीकडे पाठवून द्यायचा. पॉलिसीचा कागदही तिच्याकडे. घर पाण्यात असताना घराचा पुरावा घराबाहेर असला पाहिजे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण केलंय किती जणांनी, विचारून बघा.

यादी करताना आणखी एक कळलं. विमा ज्या गोष्टींना 'जोखीम' म्हणतो त्या बहुतेक सगळ्या आई रोज रात्री हातानं चाचपतात. साडेनऊच्या मालिकेनंतर त्यांची फेरी असते. आधी देवघर. समई शांत झाली का, वरच्या लाकडी फळीला हात लावून ती गरम लागते का बघायचं. मग इस्त्रीचा प्लग. मग शेगडीची बटणं आणि शेवटी वाकून रेग्युलेटर. वाकताना एक हात ओट्यावर आणि तोंडात रामरक्षेची जिथं आली असेल ती ओळ. पाण्याची बादली भरून मोरीच्या उंबऱ्याशी ठेवतात, ती का ते कधी सांगितलं नाही. मी नवीन सून असताना त्या बादलीला दोनदा ठेचकाळले होते, पण तिथून हलवायची सोय नव्हती.

त्यांच्या फेरीत मी दोन गोष्टी घातल्या. एक, गॅसची नळी. केशरी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते, वरून कितीही नवी दिसली तरी. दुसरी गोष्ट वासाची. गॅसचा वास आला की आपल्याकडे पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जातो, 'बघू तरी काय झालंय' म्हणून. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, आणि बटणातली बारीकशी ठिणगी त्याला पुरते. म्हणून बटण लावायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, एक्झॉस्ट पंखासुद्धा. दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. आईंनी हा नंबर कॅलेंडरवर गणपतीच्या चित्राच्या कडेला लिहिला. मोबाइलमध्ये घालून देते म्हटलं तर म्हणाल्या, "मोबाइल शोधू का पळू?"

गॅसच्या विम्याची गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते. घरगुती सिलिंडरचा अपघात झाला तर तेल कंपन्यांनी काढलेला सार्वजनिक दायित्व विमा असतो, ग्राहकाला त्याचा वेगळा हप्ता पडत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत आणि एका अपघाताला सगळे मिळून ३० लाखांपर्यंत, मालमत्तेला २ लाखांपर्यंत. मालमत्तेची भरपाई नोंदलेल्या पत्त्यावरच. आता आमच्या गल्लीत निम्मी कनेक्शनं सासऱ्याच्या नावावर जुन्या घराच्या पत्त्यावर आहेत आणि टाकी जळतीय मुलाच्या फ्लॅटमध्ये. अपघातानंतर आधी एजन्सीला आणि पोलिसांना लेखी कळवायचं असतं, पुढची गाडी एजन्सीमार्फत हलते.

वायरिंगचं काम पुरानं स्वतःच शिकवलं. २०१९ नंतर वायरमननं गुडघ्याएवढ्या उंचीचे सगळे बोर्ड खांद्याच्या वर घेतले, मीटर वर चढवला, अर्थिंगचा खड्डा नव्यानं केला आणि मेन स्विचशेजारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवली. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते, असं तो म्हणाला. इलेक्ट्रिशियन मंडळी हे वाक्य म्हणत असावीत, तरी खरं आहे. विम्याच्या भाषेत इथंही एक मेख आहे. शॉर्ट सर्किटनं फ्रीज स्वतःच जळला तर त्या फ्रीजचे पैसे या पॉलिसीत मिळत नाहीत. त्यातून आग भडकून घर पेटलं तर घराचे मिळतात. तसंच ओल. वरच्या मजल्यावरच्या मोरीतून झिरपून भिंत फुगली तर ते हळूहळू झालेलं, तुमच्या देखभालीत जमा. पाइप अचानक फुटला तर विम्यात.

लेकीचं वेगळंच. ती तीन मैत्रिणींबरोबर कोथरूडला भाड्यानं राहते. तिथं न्हाणीघरात गॅस गीझर बसवलेला, खिडकी एक वीतभर, आणि थंडीत तीही बंद. बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग ना वास. आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही, अशी बातमी दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येते. "आई, आम्ही दोन वर्षं वापरतोय, काही होत नाही गं." मी म्हटलं, मालकांना फोन लाव, मी बोलते. मालक भले निघाले, गीझर बाहेर गॅलरीत गेला, आत नुसता पाइप. भाडेकरूलाही आपल्या सामानापुरता विमा काढता येतो हे मी तिला सांगितलं. तिचं सामान म्हणजे लॅपटॉप, गादी आणि इन्स्टंट नूडल्सची पेटी, त्यामुळे तो विषय तिनं हसण्यावारी नेला.

क्लेमचं म्हणाल तर आमच्या शेजारच्या काकांचा अनुभव सगळ्या गल्लीनं जवळून बघितला. त्यांनी गृहकर्ज घेताना 'विमा कम्पल्सरी आहे' म्हणून सह्या केल्या होत्या. पाणी ओसरल्यावर काका निवांत, विमा आहे आपला. शोधाशोध केल्यावर कळलं की मोठा हप्ता गेला होता तो त्यांच्या आयुष्याच्या विम्याचा. काका गेले तर कर्ज फिटणार होतं. इमारतीचाही एक विमा होता, पण उरलेल्या कर्जाएवढा, आणि सामान त्यात नव्हतंच. त्या पॉलिसीची प्रत घरात कुणी बघितलेली नव्हती, ती बँकेच्या फायलीत. फाइल वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली.

पुढचा घोटाळा गाळाचा. नदीचा गाळ तीन दिवसांत सिमेंटसारखा धरतो आणि त्याचा वास डोक्यात जातो, म्हणून पाणी उतरलं की जो तो फावडं घेऊन भिडतो. महापालिकेच्या गाड्या गाद्या-कपाटं उचलून नेत होत्या, रस्त्यांवर दोन्ही बाजूंना बुडालेल्या संसारांचे ढीग. विमा कंपनीचा, नुकसान मोजणारा सर्व्हेअर आला तेव्हा काकांचं घर धुऊन लख्ख. तो काय बघणार? काकू हुशार. त्यांनी भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू दिली नव्हती आणि प्रत्येक वस्तू बाहेर काढताना नातवाकडून फोटो काढून ठेवले होते. त्याच फोटोंवर काहीतरी हाती लागलं. म्हणून क्रम असा ठेवायचा: कंपनीला कळवायचं, भिंतीवरच्या रेघेसकट फोटो आणि व्हिडिओ, मग गाळ. सर्व्हेअरला उशीर होत असेल तर साफसफाईला हात घालतोय हे मेसेज किंवा मेल करून लेखी कळवायचं.

कंपनीनं नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल आहे. आपल्या भागासाठी कार्यालय पुण्यात. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी, फी नाही, वकील लागत नाही. काकांना कुणी हे सांगितलं नव्हतं आणि त्यांनी न मिळालेल्या पैशांवर पाणी सोडलं.

आमचा फॉर्म मात्र अडला तो पहिल्याच पानावर. मालकाचं नाव. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचं नाव आहे, ते जाऊन जमाना झाला. घरपट्टी सासऱ्यांच्या नावानं येते, तेही आता नाहीत. विमा ज्याचा त्या घरात कायदेशीर हितसंबंध आहे त्यालाच काढता येतो, आणि भरपाईचा धनादेश कुणाच्या नावे फाडायचा हा प्रश्न पुराच्या दुसऱ्या दिवशी सोडवता येत नाही. वारसनोंद करायला हवी, त्याला हुबळीच्या आत्यांची सही हवी. आत्या फोनवर म्हणाल्या, "सही करते की, पण हक्कसोड म्हणजे मी माहेराला परकी झाले का?" त्यांना कागदावर सही करायची नव्हती असं नाही. त्यांना कुणीतरी समोर बसून विचारावं असं वाटत होतं, आणि ते बरोबरच आहे. नवरा आणि मी दिवाळीनंतर हुबळीला जाणार आहोत. हक्क सोडायचा की वारस म्हणून नाव लावायचं, ते त्यांनी ठरवावं, असं मी नवऱ्याला सांगून ठेवलंय.

तोवर भाच्यानं सुचवलं, इमारतीचं कागद झाल्यावर बघू, सामानाची पॉलिसी आता घेऊन टाका, आजीच्या नावानं. सामान तर तिचंच आहे. आईंना त्यानं खुर्चीवर बसवलं आणि एकेक रकाना भरायला लागला. भांडी या ओळीपाशी त्यानं अंदाजे म्हणून १५ हजार लिहिलं. आईंनी चष्मा वर केला.

"पितळ किलोला काय भाव आहे आज?"

"आजी, एवढं बारीक कुणी बघत नाही."

"तू बघ. आणि ती घागर, दोन हंडे, बंब, परात, मोठी समई धरलीस का? काटा आण. वजन कर, मग लिही."

भाच्यानं १५ हजार खोडलं आणि रद्दीवाल्याकडून तागडी आणायला गेला.